बिल्डिंगच्या मागे पतंग का चढत नाही, आणि तो वारा कॉम्प्युटरमध्ये कसा पकडतात

संक्रांतीच्या दिवशी सकाळी भाचा तोंड पाडून घरी आला. "मामा, पतंग चढूनच नाही राहिला, जरा वर गेला की गिरक्या घेऊन खाली." अख्ख्या नागपुरात छताछतांवरून ओ काट, ओ पार चाललेलं आणि ह्याचे दोन पतंग सकाळीच तारेत गेलेले. तो उडवत होता आमच्या घरामागच्या रिकाम्या प्लॉटवरून, त्या प्लॉटच्या उत्तरेला चार मजली बिल्डिंग आहे, आणि वारा त्या दिवशी उत्तरेकडूनच होता. म्हणजे पोट्टा बरोबर बिल्डिंगच्या आडोशाला उभा राहून पतंग उडवून राहिला होता. मी म्हटलं, तुझ्या हातात काही खोट नाही बाबा, इथला वाराच उलटा आहे. त्याला पटेना. वारा उत्तरेकडून येऊन राहिला तर इथे दक्षिणेकडून कसा येईल?

प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि माझं रोजचं कामही ह्याच प्रश्नाचं आहे. जमिनीवर उभ्या असलेल्या अडथळ्याभोवती, म्हणजे बिल्डिंग, पुलाचा खांब, छतावरची टाकी, काहीही, त्याच्याभोवती वारा किंवा पाणी कसं वाहतं ते कॉम्प्युटरवर काढणं. त्याला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो, कारण हा विषय जितका किचकट दिसतो तितका तो आतून नाही, फक्त त्यात एक गोष्ट अशी आहे की ती कळली नाही तर पुढचं सगळं चुकतं.

आधी ठोकळा घ्या. जमिनीवर ठेवलेला एक चौकोनी ठोकळा आणि समोरून येणारा वारा. वारा समोरच्या भिंतीवर आदळतो, उंचीच्या साधारण दोन तृतीयांशावर एक जागा असते जिथे तो पार थांबतो, तिथून वरचा वारा छतावरून निघतो, बाजूचा बाजूने, आणि खालचा भिंतीवरून खाली घसरत येतो. हा खाली आलेला वारा जमिनीला लागून आला तिकडेच उलटा वळतो आणि त्याची एक गुंडाळी होते, ती गुंडाळी ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी मागे ओढली जाते, वरून पाहिलं तर घोड्याच्या नालेसारखा आकार. पाण्यातही हेच होतं. कन्हानसारख्या वाळूच्या नदीत उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुलाच्या खांबाशी किंवा मोठ्या दगडाशी बघा, ज्या बाजूने पाणी येतं त्याच बाजूला वाळूत खळगा पडलेला असतो. आपल्याला वाटतं खांबाच्या पुढे तर वाळू साचायला पाहिजे, पण ती नालेसारखी गुंडाळी तिथेच वाळू खरवडत असते. पुराच्या वेळी पुलाचे पाये उघडे पडतात त्याचं एक मोठं कारण हे आहे.

छतावर वेगळीच गंमत. वारा पुढच्या काठावर येतो, पण काठ धारदार असतो आणि वाऱ्याला काटकोनात वळता येत नाही, तो काठावरून सुटतो आणि छताच्या वर एक फुगा तयार होतो, त्या फुग्याच्या आत हवा उलटी फिरत असते आणि दाब कमी असतो. म्हणून वादळात टिनाचे पत्रे उडतात. वारा खालून घुसून पत्रा उचलतो हे अर्धंच खरं आहे, वरून ओढही तितकीच असते आणि ती काठावर आणि कोपऱ्यावर सगळ्यात जास्त. आपल्याकडे बिल्डिंगवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ ह्या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात, त्यात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरच्या आसपासचा झोत, आणि त्यातही छताच्या काठांना आणि कोपऱ्यांना जास्तीची ओढ वेगळी धरायला सांगितलीय. पत्रे ठोकणाऱ्या मिस्त्रीला कोपऱ्यावर जास्त हुक मारायला सांगायचे ते ह्याच्यासाठी.

आणि आता मागची बाजू, जिथे भाचा उभा होता. वरून आणि बाजूने सुटलेला वारा लगेच जमिनीवर येत नाही, थोडा पुढे जाऊन टेकतो. तो टेकेपर्यंतच्या जागेत हवा उलटी वाहते, बिल्डिंगकडे. म्हणजे उत्तरेचा वारा असताना बिल्डिंगच्या मागे जमिनीवर खरंच दक्षिणेकडून वारा येतो! ह्या जागेत एक कमानीसारखा भोवरा उभा असतो, कमानीचे दोन पाय जमिनीवर, डोकं छताच्या पातळीला. बिल्डिंगमागे दोन बाजूंना सुकी पानं आणि कॅरीबॅगा जागच्या जागी गोल गोल फिरताना पाहिल्या असतील ना, ते त्या कमानीचे पाय. पतंग ह्यात सापडला की एका क्षणी त्याला पुढून वारा, दुसऱ्या क्षणी मागून, तो बिचारा गिरक्याच घेणार.

बरं, मग हे कॉम्प्युटरवर काढायला इतकं अवघड काय आहे? नियम तर माहीत आहेत. नावियेने १८२२ मध्ये आणि स्टोक्सने १८४५ मध्ये जे समीकरण मांडलं तेच आजही वापरतो, न्यूटनचाच नियम आहे तो, फक्त वाहत्या पदार्थाला लावलेला. पण ते कागदावर सोडवता येत नाही, त्याचं उत्तर कायम गुळगुळीत राहतं का एवढं सिद्ध करण्यालाही २००० सालापासून दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे. म्हणून आपण हवेचे छोटे छोटे डबे करतो, प्रत्येक डब्यात वेग किती आणि दाब किती ते लिहितो, आणि शेजारच्या डब्यांशी हिशोब जुळवत जुळवत वेळ पुढे नेतो. ह्या डब्यांच्या जाळीला मेश म्हणतात.

अडचण डब्यांच्या संख्येची आहे. वादळी प्रवाहात, ज्याला आम्ही टर्ब्युलंट म्हणतो, भोवऱ्यात भोवरा असतो. सगळ्यात मोठा बिल्डिंगएवढा, तो फुटून लहान, ते फुटून आणखी लहान, असं करत करत शेवटचे मिलिमीटरच्या आसपासचे किंवा त्याहून बारीक, तिथे मात्र हवेचा चिकटपणा त्यांना मारून टाकतो आणि त्यांची ताकद उष्णतेत जाते. सगळ्यात लहान भोवरा केवढा हे कोल्मोगोरोव्हने १९४१ मध्ये सांगितलं. त्यावरून हिशोब करून बघा: बिल्डिंग १२ मीटर, वारा सेकंदाला ५ मीटर, रेनॉल्ड्स आकडा (वेग आणि आकार हवेच्या चिकटपणापुढे किती भारी आहेत ते सांगणारा) येतो ४० लाख, आणि सगळे भोवरे पकडायचे तर बिंदू, म्हणजे डबेच, लागतात अंदाजे ७ वर १४ शून्यं, म्हणजे सात कोटी कोटी. प्रत्येक बिंदूवर तीन दिशांचे वेग आणि एक दाब असे चारच आकडे ठेवले तरी एका क्षणाचं चित्र साठवायला २२ हजार टेराबाइट. असे हजारो क्षण पाहिजेत. एका बिल्डिंगसाठी. काहीही न गाळता थेट मोजायची ही पद्धत आहे, पण ती लहान आणि साध्या प्रवाहांनाच परवडते, १९८७ मध्ये किम, मोइन आणि मोझर ह्यांनी दोन सपाट भिंतींमधला प्रवाह असा सोडवला तेव्हा त्यांना जवळपास ४० लाख बिंदू लागले होते, आणि त्यात अडथळा नव्हताच.

म्हणून माणसाने दुसरी वाट काढली, सरासरीची. ही युक्ती ऑसबोर्न रेनॉल्ड्सची, १८९५ ची, तोच ज्याने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंग सोडून शांत प्रवाह कधी बिघडतो ते दाखवलं. तो म्हणाला प्रत्येक क्षणाचा वेग काय आहे ते सोडा, सरासरी वेग काढा. ऐकायला सोपं आहे, पण ह्यात एक गाठ आहे आणि आमच्या अख्ख्या विषयाची मेख त्याच गाठीत आहे, म्हणून ती नीट सांगतो.

संत्र्याची गाडी लावणारा माणूस घ्या. पहिल्या दिवशी भाव ४० रुपये डझन, विकली १०० डझन. दुसऱ्या दिवशी भाव ६०, विकली ५० डझन. सरासरी भाव ५०, सरासरी विक्री ७५ डझन, गुणले तर ३७५० रुपये. पण खरा गल्ला मोजा, पहिल्या दिवशी ४०००, दुसऱ्या दिवशी ३०००, सरासरी ३५००. अडीचशे रुपयांचा फरक आला कुठून? भाव चढला की विक्री उतरते, दोघं एकमेकांना धरून हलतात, आणि सरासरी काढताना ते धरून हलणं आपण फेकून दिलं. वाऱ्याचंही अगदी तसंच. वरची हवा वेगवान असते, खालची मंद, झोत वरून खाली आला की वेगही सोबत घेऊन येतो, म्हणजे खाली येणं आणि पुढे धावणं हे दोन्ही एकमेकांना धरून हलतात. समीकरणात वेग गुणिले वेग आहे, त्याची सरासरी घेतली की ते अडीचशे रुपये उरतातच, आणि ते किती हे समीकरण सांगत नाही. ते बाहेरून अंदाजाने भरावे लागतात. त्या अंदाजाला टर्ब्युलन्स मॉडेल म्हणतात. म्हणजे सगळी मारामारी त्या अडीचशे रुपयांची आहे.

सगळ्यात जास्त चाललेला अंदाज म्हणजे के-एप्सिलॉन, लॉन्डर आणि स्पाल्डिंगचा १९७४ चा. त्याची कल्पना अशी की भोवरे मिसळण्याचं काम करतात, तर समजा हवा जास्त चिकट झालीय, आणि ती किती चिकट हे काढायला दोन जास्तीची समीकरणं, एक भोवऱ्यांच्या ताकदीचं, दुसरं ती ताकद किती वेगाने मरते त्याचं. त्यातले आकडे साध्या प्रवाहांवर बसवलेले आहेत. पाइप, सपाट भिंत, अशा ठिकाणी तो छान चालतो, आणि मी त्याला वाईट म्हणणार नाही, अर्ध्या जगाचे पंखे आणि पंप त्याच्यावर डिझाइन झालेत. पण ठोकळ्यापुढे आणला की तो कुठे अडखळतो ते बघण्यासारखं आहे.

मार्टिनुझी आणि ट्रोपिया ह्यांनी १९९३ मध्ये एका चॅनेलमध्ये तळाला ठोकळा बसवून लेझरने वेग मोजले. चॅनेलची उंची ठोकळ्याच्या दुप्पट, रेनॉल्ड्स आकडा ४० हजार. मागचा उलट्या वाऱ्याचा पट्टा त्यांना ठोकळ्याच्या उंचीच्या साधारण १.६ पट लांब मिळाला. हा आकडा आमच्या लोकांत शाळेतल्या पाढ्यासारखा पाठ असतो, कारण नवीन प्रोग्राम किंवा नवीन मॉडेल आलं की पहिल्यांदा ह्याच ठोकळ्यावर घासून बघतात. १९९५ मध्ये जर्मनीत मुद्दाम एक वर्कशॉप भरवून वेगवेगळ्या गटांना हाच ठोकळा सोडवायला दिला होता. तर साधं के-एप्सिलॉन ह्या ठोकळ्यामागे पट्टा देतं २.२ पट. आणि छतावरचा फुगा मात्र खऱ्यापेक्षा खूपच लहान देतं.

एकीकडे जास्त, एकीकडे कमी, असं का? समोरच्या भिंतीवर हवा नुसती दाबली जाते, ताणली जाते, तिथे खरे भोवरे फारसे जन्मत नाहीत, पण मॉडेलला वाटतं एवढी ओढाताण आहे म्हणजे भोवरे धोधो तयार होत असणार. ते खोटे भोवरे वाऱ्यासोबत छतावर जातात, तिथली हवा फार मिसळते, आणि फुगा दबून जातो. मागे उलटं. खऱ्या प्रवाहात मागचा भोवरा डावीकडून उजवीकडे झुलत असतो, झुलता झुलता बाहेरची हवा आत खेचतो, म्हणून पट्टा लवकर संपतो. सरासरीवाल्या मॉडेलमध्ये झुलणंच नाही, सगळं स्थिर, मग पट्टा लांबत जातो. काटो आणि लॉन्डरने १९९३ मध्ये समोरची चूक दुरुस्त केली, छत सुधारलं, पण मागचा पट्टा आणखीनच लांब झाला. आधी एक चूक दुसऱ्या चुकीला थोडी झाकत होती, ती काढली तर मागची उघडी पडली.

आता तिसरी वाट, जी मला स्वतःला सगळ्यात आवडते. बांधकामावर वाळू चाळताना पाहिलंय ना, चाळणीवर खडे राहतात आणि बारीक वाळू खाली. तसंच मोठे भोवरे चाळणीवर ठेवायचे आणि समीकरणाने सरळ सोडवायचे, क्षणाक्षणाला, आणि चाळणीतून पडलेल्या बारीक भोवऱ्यांपुरताच अंदाज भरायचा. ह्याला लार्ज एडी सिम्युलेशन म्हणतात. बारीक भोवरे कुठेही गेलात तरी बरेचसे सारखेच असतात, बिल्डिंग असो की खांब, वेगळे असतात ते मोठे, म्हणून अंदाज बारकांवर लावला तर कमी चुकतो. ही कल्पना हवामानवाल्यांकडून आली, स्मागोरिन्स्कीने १९६३ मध्ये वातावरणासाठी मांडली, आणि १९७० मध्ये डीअर्डॉर्फने चॅनेलच्या प्रवाहावर चालवून दाखवली, फक्त ६७२० बिंदूंवर! आज आपल्या फोनवरही त्याहून कितीतरी मोठं चालेल. ठोकळ्यावर ही पद्धत लावली की मागचा पट्टा खऱ्याच्या जवळ येतो, कारण झुलणं त्यात आपोआप येतं.

किंमत मोजावी लागते ती वेळेची. डबा १० सेंटीमीटरचा आणि वारा ५ मीटर प्रति सेकंद असेल तर एका पावलात हवा एका डब्याच्या पुढे जाऊ नये म्हणून पाऊल ठेवायचं ०.०२ सेकंदाचं, म्हणजे दहा मिनिटांचा वारा पाहायचा तर ३० हजार पावलं, आणि प्रत्येक पावलाला कोटीभर डबे. सरासरीवाला हिशोब घरच्या चांगल्या कॉम्प्युटरवर रात्रीत होतो, हा आठवडा खातो. ओपनफोम नावाचं सॉफ्टवेअर २००४ पासून फुकट आहे, इंजिनीअरिंगच्या पोरांनी घरी बसून शिकावं असं आहे ते, पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते.

अजून दोन गोष्टी, ज्या नवीन माणूस हमखास चुकवतो. एक म्हणजे आत येणारा वारा. मी सुरुवातीला जाळीच्या तोंडाशी, जिथून वारा आत येतो तिथे, खालपासून वरपर्यंत एकसारखा गुळगुळीत वारा सोडला होता, चित्र सुंदर आलं आणि सगळं चुकलेलं होतं. शहरात जमिनीजवळ वारा मंद, वर वेगवान, आणि आधीच्या घराझाडांवरून भोवरे घेऊन आलेला असतो, ते भोवरे आत सोडले नाहीत तर छतावरचा फुगा वेगळाच निघतो. दुसरी म्हणजे जागा. बिल्डिंगच्या पुढे आणि वर निदान पाच उंची मोकळी, मागे दहा-पंधरा उंची, नाहीतर हवा कोंडते आणि वेग खोटा वाढतो. मात्र एक सवलत निसर्गाने दिलीय, धारदार काठाच्या वस्तूवर वारा काठावरच सुटतो, आकार लहान असो की मोठा, म्हणून हातात मावेल एवढ्या ठोकळ्यावरून १२ मीटरच्या बिल्डिंगबद्दल बोलता येतं. छतावरच्या गोल काळ्या टाकीला ही सवलत नाही, तिच्यावर वारा कुठे सुटेल हे वेगावर आणि आकारावर अवलंबून असतं, म्हणून गोल वस्तू जास्त अवघड.

हे सगळं कामाला कुठे येतं ते आमच्याच गल्लीतलं सांगतो. एका अपार्टमेंटमध्ये जनरेटरचा धूर मागच्या फ्लॅटमध्ये शिरायचा, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू लाइट गेली की खिडक्या लावून घ्यायच्या, मे महिन्यात! सगळे म्हणत होते पाइप तर मागे उघड्यावर सोडलाय, धूर निघून जायला पाहिजे. पण मागे म्हणजेच तो उलट्या वाऱ्याचा पट्टा, धूर तिथे सोडला की तो बाहेर जातच नाही, भिंतीकडे परत येतो, वर चढतो आणि खिडकीत शिरतो. जनरेटरच्या धुराड्यासाठी आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हिशोब आहे, बिल्डिंगची उंची अधिक केव्हीएच्या (जनरेटरची ताकद ह्यात मोजतात) वर्गमुळाच्या ०.२ पट, म्हणजे १२ मीटरच्या बिल्डिंगला १०० केव्हीएचा जनरेटर असेल तर १४ मीटर. तेवढं तर करायलाच पाहिजे. पण छताचा फुगाही जाड ठिकाणी दोन-अडीच मीटर सहज भरतो, पाइप त्या फुग्यात उघडला तर नियम पाळूनही धूर खाली ओढला जाऊ शकतो, म्हणून मी त्यांना म्हटलं अजून दोन मीटर वर घ्या आणि फुगा जिथे सगळ्यात जाड असतो ती जागा टाळा.

तिथे मी सरासरीवालं आणि चाळणीवालं दोन्ही चालवलं होतं. सरासरीचं चित्र म्हणत होतं खिडकीपाशी धूर आहे, पण फार नाही. चाळणीवाल्यात दिसलं की धूर सारखा येत नाही, बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम लोट. काकू नेमकं हेच सांगत होत्या, "भसकन येतो नं रे!" मे महिन्यात नागपुरात दुपारी ४५ आणि पहाटे ३०, सरासरी साडेसदतीस, बाहेरच्या माणसाला तेवढाच आकडा सांगितला तर त्याला दुपार कळणारच नाही, काकूंचा धूरही तसाच होता. म्हणून कोणी वाऱ्याचं रंगीत चित्र दाखवलं की मी पहिलं विचारतो, हे सरासरीचं आहे की क्षणाचं, आणि दुसरं, कुठल्या मोजलेल्या आकड्याशी ताडून पाहिलंय.

भाच्याला मात्र चित्रं दाखवून उपयोग नव्हता, त्याला वारा दाखवायला पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी आम्ही एका बांबूला लोकरीचे वीतभर तुकडे बांधले आणि प्लॉटवर गेलो. बिल्डिंगजवळ सगळे तुकडे भिंतीकडे वळलेले, तो बघतच राहिला. मग बांबू धरून एक एक पाऊल मागे सरकत गेला, खडूने खूण करायची होती जिथे तुकडे उलटे होतात तिथे. वीसेक पावलांवर ते उलटले, त्याने खूण केली, आणि खूण करेपर्यंत परत भिंतीकडे. चार पावलं मागे गेला, परत तेच. कधी पुढे उलटत होते, कधी मागे.

"मामा, रेघ नेमकी कुठे काढू?"

मी म्हटलं तूच ठरव. त्याने दोन रेघा काढल्या, एक अलीकडे, एक बरीच पलीकडे, मधल्या जागेत खडूने रेघोट्या मारून ठेवल्या, मग पलीकडच्या रेघेच्याही मागे जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला चक्री धर.